निरंक

मार्चचा तिसरा मंगळवार. कूलर अजून माळ्यावरून उतरले नव्हते
आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस उतू चाललेल्या.
साडेचारला मी कपाट मोजलं. रोजच मोजते,
एकोणीस वर्षं झाली, बोट आपोआप फिरतं:
नायट्रिक सात, हायड्रोक्लोरिक नऊ,
सल्फ्युरिक अकरा हव्या होत्या.
दहा.

पुन्हा मोजल्या. मग उजवीकडून मोजल्या,
जणू बाजू बदलली की बाटली परत येते.

विभागप्रमुख म्हणाले, निमजेबाई, तुमचंच चुकलं असेल.
ऑफिसात म्हणाले, पुढच्या आठवड्यात समिती येऊन राहिली,
आता नका काढू हे.
समुपदेशक गुरुवारी येतात,
त्यांच्या खोलीत गॅदरिंगचे पडदे आणि एक मुका माइक.
जिन्यात पोस्टर आहे, त्यावर हेल्पलाइनचा नंबर,
शेवटचे दोन आकडे उन्हानं खाल्लेले.

मला आठवावं लागलं नाही.
शेवटच्या बाकावरचा निहाल
आठ दिवस झाले, ब्युरेट हातात धरून नुसता उभा राहायचा.
पोरं हसायची.
एक जण माझ्यासमोरच म्हणाला होता,
"आज दाखवते म्हणे हा तिला."
मी ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.
आपण ऐकतो, आणि टेस्टट्यूब विसळतो.

सायकल स्टँडमागे होता, कडुलिंबाखाली,
बॅग छातीशी, तापातलं लेकरू धरावं तशी.
नजर गेटावर.
पाचाला सहा मिनिटं कमी.

काय बोलावं ते मला कोणी शिकवलेलं नाही.
म्हटलं, "जेवला काय बे?"
"काहून?"
म्हटलं, "त्या बाटलीचं बूच सैल आहे.
पहिले तुझीच मांडी जळंल."

खोटं होतं. बूच मीच आवळलं होतं सकाळी.

घंटा झाली. पोरी निघाल्या,
तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या,
आमच्या नागपुरात उन्हाळाभर नुसते डोळे दिसतात.
त्याची कोणती, मला कळेना,
म्हणून सगळ्याच मोजल्या.
त्रेसष्टावी स्कूटीला किक मारत होती
तेव्हा त्यानं बॅगेची चेन उघडली.

बाटली दोन्ही हातांनी नेली. जिना कधी नव्हे इतका लांब.
जागेवर ठेवली. अकरा.
मग मोरीत जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी लेखी दिलं, त्याच्या नावासकट.
काटोलहून त्याचा बाप आला,
ऑफिसच्या बाकावर चप्पल काढून बसला,
माझ्याकडे पाहिलं नाही.
पोराचं वर्ष गेलं.
कँटीनमध्ये म्हणाले, मावशीनं खाल्लं त्याचं वर्ष,
झालं तर काहीच नव्हतं ना!
मी म्हटलं, त्या पोरीला तरी सांगा.
म्हणाले, कशाला, उगाच घाबरेल.
म्हणजे तिला अजून माहीत नाही,
आणि मला ती माहीत नाही.

कपाटाला आता दोन कुलपं आहेत,
किल्ल्या दोन माणसांकडे.
हे मी पाच वर्षांआधी अर्जात मागितलं होतं,
अर्जाची पोच आहे माझ्याकडे, हळदीचा डाग पडलेली.
स्टँडमागचा दिवा लागतो, कधी कधी.
समुपदेशक अजून गुरुवारीच येतात.

निहाल भेटला परवा कॉटन मार्केटात.
"मावशी, बऱ्या आहा ना," म्हणाला.
मी आधी त्याचे हात पाहिले.
संत्री होती. दोन माझ्या पिशवीत टाकली.
घरी आणली, पण सोलायला
मला चार दिवस लागले.

वार्षिक अहवालात एक रकाना असतो,
'परिसरातील अनुचित घटना'.
त्या वर्षापुढे सुबक अक्षरात लिहिलं आहे:
निरंक.

असू दे.
त्या त्रेसष्टांतली एखादी आत्ता सीताबर्डीला
हातगाडीवर कानातले लावून बघत असेल,
स्कार्फ सोडून, टीचभर आरशात वाकून,
या गालावरून, त्या गालावरून,
आणि गाडीवाल्याशी दहा रुपयांसाठी भांडत असेल.